चौऱ्याऐंशी वर्षांची नवरी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेला पंधरवडा आपल्या दैनिकात एका जुन्या अमेरिकन चित्रपटावरून वाचकांची जी खडाजंगी चालू आहे, तीत मलाही चार शब्द घालायचे आहेत. सोलापुरातल्या काही हौशी चित्रपटप्रेमींनी एका लहानशा सभागृहात मे वेस्ट या अभिनेत्रीचा ‘सेक्स्टेट’ (१९७८) हा अखेरचा चित्रपट दाखवला. आपल्या पुरवणीतील वृत्तांताने त्याची ‘म्हातारचळ’ या एका शब्दात बोळवण केली. त्यावर एका गृहस्थांनी, सिद्धेश्वराच्या गावात असली थेरे दाखवून काय साधायचे आहे, असा सवाल केला. तर एका तरुण वाचक भगिनीने हाच चित्रपट स्त्रीस्वातंत्र्याचा जाहीरनामा असल्याचे ठणकावून सांगितले. त्या खेळाला मी हजर होते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली आणि सत्तरी ओलांडलेली बाई म्हणून मला या वादात दोन्हीकडून थोडे ओढल्यासारखे झाले, म्हणून हे पत्र. चित्रपट फसलेला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु नायिकेचे वय हीच या चित्रपटातली मुख्य गोष्ट आहे असे जे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले आहे (एका बाजूने चिडून, दुसरीने कौतुकाने), ते मला पटत नाही.

मे वेस्ट कोण होती, हे वृत्तांताने एका वाक्यात उरकले आहे. तिचा जन्म १७ ऑगस्ट १८९३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. गाणी, नकला, नाच आणि कसरती यांची सरमिसळ असलेल्या तिकडच्या व्हॉडव्हिल रंगमंचावर ती लहानपणीच उभी राहिली, आणि आपल्या तोंडी शोभतील अशी वाक्ये दुसरे कोणी लिहून देत नाही असे दिसल्यावर तिने स्वतःच नाटके लिहायला घेतली. १९२६ साली टोपणनावाने लिहिलेले तिचे ‘सेक्स’ हे नाटक न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, म्हणजे ब्रॉडवेवर आले, कित्येक महिने चालले, आणि १९२७ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी धाड घालून तिच्यासह नटसंचाला पकडून नेले. तरुणांची नीती बिघडवल्याच्या आरोपावरून तिला दहा दिवसांची कैद झाली; चांगल्या वर्तणुकीची दोन दिवसांची सूट घेऊन ती आठव्या दिवशी बाहेर आली, ती आणखी प्रसिद्ध होऊनच. १९३२ साली ती हॉलिवूडच्या पडद्यावर आली तेव्हा चाळिशीला टेकली होती. आपल्याकडे ज्या वयात नायिकेला वहिनीच्या भूमिका सुचवू लागतात, त्या वयात तिची नायिका म्हणून सुरुवात झाली आणि १९३३ मधल्या तिच्या दोन चित्रपटांनी डबघाईला आलेल्या पॅरामाउंट कंपनीला हात दिला. पुढे १९३४ पासून हॉलिवूडने नीतिसंहितेचा बडगा उगारला, तिच्या संवादांना कात्री लागू लागली आणि हळूहळू तिचे चित्रपट विरळ झाले. १९४३ नंतर तब्बल सत्तावीस वर्षे ती पडद्यावर नव्हती; तो काळ तिने रंगमंचावर आणि लास व्हेगासच्या कार्यक्रमांत, पिळदार शरीराच्या तरुणांचा ताफा आपल्याभोवती उभा करून गाजवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांनी छातीवर फुगणाऱ्या आपल्या जीवरक्षक जाकिटाला तिचे नाव दिले होते, एवढ्यावरून तिच्या कीर्तीची जात लक्षात यावी.

‘सेक्स्टेट’ हेही मूळचे तिचेच नाटक. १९६१ साली तिने ते रंगभूमीवर केले होते; पुढे दोन तरुण निर्मात्यांनी त्याचा चित्रपट करायचे ठरवले आणि केन ह्यूजेस या दिग्दर्शकाच्या हाती तो सोपवला. कथा म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल एवढी आहे. मार्लो मॅनर्स ही जगप्रसिद्ध नटी आपल्या सहाव्या नवऱ्याशी लग्न करून लंडनच्या एका हॉटेलात उतरते. त्याच हॉटेलात राष्ट्राराष्ट्रांच्या मुत्सद्द्यांची परिषद चालू असते. आधीचे नवरे एकेक करून उपटतात. तिच्या आठवणींची ध्वनिफीत भलत्यांच्या हाती लागण्याची भीती असते. आणि या सगळ्या गोंधळात नवपरिणीत जोडप्याला दार लावून घ्यायला काही फुरसत मिळत नाही. नवरदेव आहे टिमथी डाल्टन, जो पुढे १९८७ मध्ये जेम्स बॉण्ड झाला. माजी नवऱ्यांत टोनी कर्टिस आणि बीटल्समधला रिंगो स्टार आहेत. चित्रीकरणाच्या वेळी मे वेस्ट त्र्याऐंशी वर्षांची होती, प्रदर्शनाच्या वेळी चौऱ्याऐंशीची, आणि नवरदेवाने नुकतीच तिशी ओलांडली होती. अमेरिकेत चित्रपट साफ पडला. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाच्या समीक्षकाने तर हा विचित्रांचा खेळ आहे, अशा अर्थाची झोड उठवली. मात्र त्याच वेळी तिच्या एकेका वाक्याला टाळ्या वाजवणारे, तिच्यासारखाच पेहराव करून खेळाला जाणारे चाहतेही होते, आणि आजही हा चित्रपट शोधून काढून पाहणारे आहेत.

आपल्या सभागृहात याहून वेगळे काही घडले नाही. सर्वांत मोठा हशा पिकला तो व्यायामशाळेच्या प्रसंगाला. अमेरिकन खेळाडूंचा एक संघ तिथे व्यायाम करत असतो. पायघोळ झगा, डोक्यावर सोनेरी केसांचा टोप आणि कमरेवर हात अशा थाटात ही बाई तिथे येते, एकेका तरुणाला नखशिखान्त न्याहाळते आणि एक द्व्यर्थी वाक्य टाकून पुढे सरकते. शेवटच्या रांगांतली महाविद्यालयीन मुले शिट्ट्या मारत होती, आणि त्या शिट्ट्यांत चेष्टा किती व दाद किती हे त्यांनाही सांगता आले नसते. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ खुर्चीचा खाडकन आवाज करून उठले आणि निघून गेले. त्यांच्या शेजारच्या बाईंनी मात्र पदर तोंडाला लावला, जागा सोडली नाही. खांदे हलत होते. खेळ संपल्यावर बाहेर चहाच्या वेळी एका मुलाने, “ही आमच्या पणजीच्या वयाची, हिला हे शोभतं का?” असे विचारले. तेव्हा एका वयस्क गृहस्थांनी कपातला चहा बशीत ओतता ओतता, “देव आनंदला कुणी विचारलं होतं का रे?” असा उलट प्रश्न टाकला, आणि त्यानंतर जो वाद पेटला तो आपल्या पुरवणीपर्यंत पोहोचला.

प्रश्न थट्टेचा असला तरी बिनतोड होता. ज्या १९७८ मध्ये ‘सेक्स्टेट’ आला, त्याच वर्षी देव आनंद यांचा ‘देस परदेस’ आला. देव आनंद यांचे जन्मवर्ष १९२३, आणि त्यांच्या नायिका टीना मुनीम यांचा तो पहिलाच चित्रपट. दोघांच्या वयांत तीस-पस्तीस वर्षांचे अंतर. तो आम्ही सोलापुरात रांग लावून पाहिला, त्याची गाणी गुणगुणत घरी आलो, आणि वडिलांच्या वयाचा हा माणूस त्या मुलीभोवती का घुटमळतो आहे हा प्रश्न माझ्या, माझ्या यजमानांच्या किंवा आमच्या वाड्यातल्या कोणाच्याही डोक्यात आला नाही. देव आनंद यांचा शेवटचा चित्रपट ‘चार्जशीट’ २०११ च्या सप्टेंबरअखेर, त्यांना एकोणनव्वदावे लागल्यावर आला आणि डिसेंबरात ते गेले. त्या चित्रपटालाही लोक हसले. पण ते हसणे पटकथेला, मांडणीला, गळ्यातल्या मफलरीला होते. त्यात कीव होती, थोडी माया होती, शरमेचा लवलेश नव्हता. मे वेस्टला आपण हसलो त्यात मात्र शरम होती, आणि ती तिची नव्हे, आपली होती. म्हातारा पुरुष पडद्यावर प्रेम करतो तेव्हा त्याचा उत्साह मोजला जातो. म्हातारी बाई तेच करते तेव्हा तिच्या सुरकुत्या मोजल्या जातात.

याच शहरात जन्मलेल्या शशिकला यांचे उदाहरण घ्या. हिंदी चित्रपटांतल्या खलनायिका म्हणून त्यांनी एक काळ गाजवला. भुवई उंचावून, मान वेळावून त्या पडद्यावर आल्या की प्रेक्षागृहातून शिव्या ऐकू येत. पुढे त्या मदर तेरेसा यांच्या संस्थेत सेवेसाठी जाऊन राहिल्या, परतल्यावर आई-सासूच्या भूमिका करू लागल्या, २००७ साली पद्मश्री मिळाली आणि सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या. मला त्यांच्या सेवेविषयी आदरच आहे. परंतु आपल्या समाजात मोहक, चावट, धीट बाईला म्हातारे होण्याची परवानगी मिळते ती एवढ्या दोनच दारांनी, सेवेच्या नाहीतर मातृत्वाच्या, हे या निमित्ताने नोंदवावेसे वाटते. मे वेस्टने दोन्ही दारे नाकारली. पडद्यावर आई होण्याची कल्पनाही तिला मानवली नसती.

आता त्या गृहस्थांच्या ‘सिद्धेश्वराच्या गावात’ या शब्दांकडे वळते, कारण खरे तर माझा सगळा आक्षेप तिथेच आहे. ज्या जिल्ह्यात मोडनिंबसारखे लावणीचे ठाणे आहे, जिथल्या अकलूजला लावणीच्या राज्यस्तरीय स्पर्धा भरत आल्या, ज्याने सत्यभामाबाई पंढरपूरकर यांच्यासारखी अदाकारीतली दिग्गज कलावती दिली, त्या जिल्ह्यातल्या माणसाने वयस्क बाईच्या शृंगाराला थेरे म्हणावे, याचे मला नवल वाटते. बैठकीची लावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच उमगेल. तिथे नाच नसतो, घुंगरांचा कल्लोळ नसतो. नऊवारी नेसलेली बाई सतरंजीवर बसलेली असते, बरेचदा केस पांढरे झालेले असतात, आणि ती एकच ओळ घेऊन बसल्या जागी कधी डोळ्यांनी, कधी पदराच्या टोकाने, कधी नुसत्या तर्जनीने तिचे निरनिराळे अर्थ उलगडत जाते. रुसवा होतो, आर्जव होते, टोमणा होतो, आणि शेवटी त्याच ओळीतून अशी काही थट्टा बाहेर पडते की समोरच्या रांगेतला फेटेवालाही खाली बघतो. यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदीपार होत्या. उतारवयातल्या त्यांच्या बैठकीचे ज्यांना भाग्य लाभले, ते आजही त्या अदेविषयीच बोलतात. सोळा वर्षांच्या मुलीचे मन त्या बाई सत्तरीत दाखवत, आणि कोणी त्याला चळ म्हटले नाही.

हे मी केवळ प्रत्युत्तर म्हणून लिहीत नाही. मे वेस्टची सगळी कला नीट पाहिली तर बैठकीचीच आहे. १९३३ च्या चित्रपटांतही ती फारशी हालत नाही. एका जागी उभी राहते, डोळे अर्धवट मिटते, वाक्य जरा रेंगाळत उचलते आणि शेवटच्या शब्दाआधी एवढासा थांबा घेते की ऐकणाऱ्याच्या मनात नको तो अर्थ आधी तयार होतो आणि तिचा शब्द मागून येतो. पापणी, कंबर आणि तो थांबा, एवढ्यावर तिने चित्रगृहे भरवली. अंगप्रत्यंग उघडे टाकण्याची तिला कधी गरज पडली नाही. तिचे झगे टाचेपर्यंत लांब असत. परीक्षण मंडळाचे लोक संहिता वाचून हैराण होत ते यामुळेच, कारण कागदावर त्या वाक्यांत आक्षेपार्ह असे फारसे काही सापडत नसे.

मग ‘सेक्स्टेट’मध्ये बिनसले कुठे? माझ्या मते नेमके त्या थांब्यात. तिला संवाद लक्षात राहत नव्हते, म्हणून टोपाखाली दडवलेल्या श्रवणयंत्रातून दिग्दर्शक तिला वाक्ये पुरवत असे. त्यावरून टोनी कर्टिस मागाहून रंगवून रंगवून किस्से सांगत. ते किस्से सोडून द्या, पण परिणाम पडद्यावर उघड दिसतो. समोरचा नट वाक्य संपवतो, मग एक रिकामा क्षण जातो, त्या क्षणात तिची नजर किंचित स्थिर होते, आणि मग वाक्य येते. पूर्वी जो थांबा ती आपल्या मर्जीने घेत होती, तो आता यंत्रातून वाक्य येईपर्यंतचा खोळंबा झाला आहे. दोन्ही थांबे घड्याळात सारखेच भरतील कदाचित. पण एकात प्रेक्षक तिची वाट पाहत असे, आणि दुसऱ्यात ती कोणाची तरी वाट पाहते आहे. तालाचे अंग असलेल्या कलावंताच्या बाबतीत हे नुकसान सुरकुत्यांपेक्षा फार मोठे आहे. तबलजीचे केस पिकले तर मैफलीचे काही बिघडत नाही, सम चुकली तर बिघडते.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. तिचे जवळून घेतलेले प्रत्येक दृश्य असे धूसर आहे की आपल्या सभागृहातल्या प्रक्षेपकावर धूळ बसली असावी, अशी शंका कोणी घ्यावी. लगेच पुढच्या दृश्यात डाल्टनचा चेहरा मात्र लख्ख दिसतो. तिला चार पावलांहून अधिक चालताना कॅमेरा सहसा दाखवत नाही. कथेतही तिच्या वयाचा उच्चार नाही. सारे जग तिला नुकत्याच उमललेल्या फुलासारखे वागवते आणि प्रेक्षकाने ते निमूट मान्य करावे अशी अपेक्षा असते. माझा खरा मतभेद आहे तो इथे. यमुनाबाई पांढऱ्या केसांनिशी बसत आणि मग सोळा वर्षांची मुलगी दाखवत. त्या दोहोंमधले अंतर प्रेक्षकासमोर उघडे असे आणि ते अंतर त्या कसे ओलांडतात, यातच तर रंगत होती. मे वेस्टने अंतरच पुसून टाकले, त्यामुळे ओलांडायला काही उरले नाही. तिच्या वयाचा एकच खुसखुशीत उल्लेख असता, तिनेच स्वतःच्या पांढऱ्या केसांवर एक तिरका शेरा मारला असता, तर शिट्ट्या मारणारी मुले तिच्या खिशात गेली असती. असा शेरा लिहिण्याची ताकद तिच्याइतकी दुसऱ्या कोणात नव्हती, म्हणून जास्तच हळहळ वाटते.

या बाबतीत आपल्याला तिच्याहून जवळचे उदाहरण आहे ते बालगंधर्वांचे. नारायणराव राजहंस यांनी साठी ओलांडल्यावरही स्त्रीभूमिका केल्या. शरीर सुटलेले, चेहरा थकलेला, आणि अंगावर शालू. माझे मामा सांगत की अशा एका खेळाला प्रेक्षागृहात सरळ दोन तट पडले होते. तरुण मंडळी हसू दाबत होती. आणि ज्यांनी ऐन बहरातले बालगंधर्व पाहिले होते ते डोळे मिटून बसले होते, कारण गळ्यातून जे येत होते ते अजून गंधर्वांचेच होते. मामा स्वतः कुठल्या तटात होते हे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि माझा संशय असा की ते दोन्हीकडे होते. बालगंधर्वांना गळा तारून नेत होता. मे वेस्टचा गळा म्हणजे तिची संवादफेक. तीच डळमळल्यावर डोळे मिटूनही भागत नाही. गंमत अशी की स्त्रीपार्ट करणाऱ्या अमेरिकन नटांच्या लकबी उचलूनच तिने आपली चाल आणि ढब घडवली, असे तिच्याविषयी लिहिले गेले आहे. म्हणजे बाईची नक्कल करणाऱ्या पुरुषाची नक्कल करणारी बाई! हे ऐकून आमचे मामा खूश झाले असते.

या शेवटच्या मुद्द्यावरून तिच्या दुसऱ्या प्रेक्षकवर्गाविषयी लिहिणे भाग आहे, कारण आपल्या वृत्तांताने त्यांना ‘विकृत चाहते’ म्हणून निकालात काढले आहे. मुद्दाम भडक, मुद्दाम अतिशयोक्त, स्वतःलाच डोळा मारत चालणाऱ्या या अभिरुचीला तिकडे कॅम्प म्हणतात, आणि सुझन सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने १९६४ साली या अभिरुचीवर एक गाजलेला निबंधही लिहिला. या अभिरुचीचा मोठा वारसा समलिंगी पुरुषांकडे आहे. ज्या काळात त्यांना आपले खरे रूप झाकून वावरावे लागत होते, त्या काळात मे वेस्टने त्यांच्यावर ‘द ड्रॅग’ हे नाटक लिहिले. १९२७ साली ते न्यूयॉर्कबाहेर झाले, पण ब्रॉडवेवर येऊ दिले गेले नाही. त्या नाटकातली सगळीच मते आज पटणारी नाहीत. तरी ज्यांना कोणी मंचावर उभे करत नव्हते त्यांना तिने उभे केले, हे त्या लोकांनी पन्नास वर्षे लक्षात ठेवले. ‘सेक्स्टेट’च्या खेळाला टाळ्या वाजवणाऱ्यांत ते होते. ते तिला हसत नव्हते. वय झाले, दिवस फिरले, समीक्षक ओरडले, तरी ही बाई वेष उतरवायला तयार नाही, यात त्यांना स्वतःचे काही दिसत होते. मी त्या अभिरुचीतली नाही, मला चित्रपटभर जांभया आवरत नव्हत्या. पण त्या टाळ्यांना विकृती म्हणणे मला मंजूर नाही.

तसेच आपल्या तरुण वाचक भगिनीलाही एक सांगावेसे वाटते. जाहीरनामा हा शब्द इथे फार जड होतो. या चित्रपटातली मार्लो सोडली तर इतर बायकांना बोलायला कितीशी वाक्ये आहेत? जवळजवळ सगळे जग पुरुषांचे आहे आणि ते सारे पुरुष तिच्यासाठी रांगेत उभे आहेत. एकीची मजा म्हणून ते ठीक, पण त्यातून बाकीच्या बायकांच्या वाट्याला काही येत नाही. मे वेस्टचे धैर्य शोधायचे असेल तर ते १९२७ च्या कोर्टात, १९३३ च्या पडद्यावर आणि प्रत्येक वाक्य आपल्या अखत्यारीत ठेवण्याच्या तिच्या हट्टात शोधावे. तिला कोणी फसवून या चित्रपटात उभे केले, हा वृत्तांतातला सूरही तितकाच चुकीचा आहे. नाटक तिचे होते, भूमिका तिची होती, आणि जन्मभर दुसऱ्याच्या इच्छेने ती कुठे उभी राहिल्याचे ऐकिवात नाही. फसलेला चित्रपट स्वतःच्या जबाबदारीवर करण्याचा हक्क पुरुष कलावंतांना आपण न मागता देतो, तो तिलाही असू द्यावा.

चित्रपटात एक जागा अशी आहे की जिच्याबद्दल दोन्ही पक्षांपैकी कोणी लिहिले नाही. १९३२ मध्ये ज्या जॉर्ज राफ्ट या नटाच्या चित्रपटातून ती पहिल्यांदा पडद्यावर आली, तो राफ्ट इथे काही क्षणांपुरता तिला भेटतो. दोघेही थकलेले, दोघांनाही फारसे काही करायचे नाही. तेवढ्या वेळात ती कोणाला मोहवण्याच्या भानगडीत पडत नाही, आणि सबंध चित्रपटात मला ती तिथेच सर्वांत मोकळी वाटली. पुढे २२ नोव्हेंबर १९८० रोजी मे वेस्ट वारली आणि अवघ्या दोन दिवसांनी राफ्ट गेला.

शेवटी दोन विनंत्या. पहिली आपल्याला : वृत्तांतात तिचे वय ‘नव्वदीच्या घरात’ असे छापले आहे, ती गेली तेव्हाही सत्त्याऐंशी वर्षांची होती, तेव्हा कृपया दुरुस्ती छापावी. दुसरी विनंती खेळ भरवणाऱ्या मंडळींना. मे वेस्टची ओळख तिच्या अखेरच्या चित्रपटाने करून देणे हा प्रेक्षकांवर आणि तिच्यावरही अन्याय आहे. पुढच्या महिन्यात तिचा १९३३ मधला एखादा चित्रपट लावावा, आधी दहा मिनिटे मराठीतून तिची माहिती द्यावी, आणि जमल्यास बैठकीच्या लावणीची एखादी जाणकार कलावती बोलावून तिलाही तो दाखवावा. तिचे मत ऐकायला मी नक्की येईन. खेळाची वेळ मात्र दुपारी चारची ठेवावी. रात्री साडेनऊला खेळ सुटल्यावर साखर पेठेकडे यायला रिक्षावाले तयार होत नाहीत आणि झाले तर दुप्पट भाडे मागतात, ही अडचण माझ्यासारख्या बऱ्याच जणींची आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
साखर पेठ, सोलापूर